जुनी ब्रिटिश कन्व्हर्टिबल विकताय? आधी कागद, मग गाडी, शेवटी जाहिरात

घरातली जुनी मॉरिस, एमजी किंवा ट्रायम्फ विकायला काढणारे बहुतेक जण क्रमात चुकतात. आधी गाडीला नवा रंग मारतात, मग फोटो टाकतात आणि गिऱ्हाईक दारात आले की आरसी बुक शोधायला लागतात. रंगाचे पैसे वसूल होत नाहीत, कारण जाणकाराला ताज्या रंगाखाली काय दडले आहे याचीच शंका येते. आरसी आजोबांच्या नावावर निघाली, तर ठरलेला व्यवहार महिनोन्महिने लोंबकळतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. तो महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या गाडीसाठी आहे आणि उदाहरण मॉरिस मायनर कन्व्हर्टिबलचे, म्हणजे कापडी छत दुमडता येणाऱ्या मायनरचे, घेतले आहे. सगळ्यात जास्त गफलती याच गाडीच्या बाबतीत होतात.

पायरी १: गाडी नेमकी कोणती, हे पक्के करा

"आमची मायनर ४८ची आहे" असे घरात सांगत आलेले असतात. ते तसेच जाहिरातीत लिहू नका, गाडीकडून वदवून घ्या. मायनर १९४८ मध्ये आली तेव्हा तिला ९१८ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन होते. १९५२ पासून सीरीज टूमध्ये ८०३ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन येऊ लागले. समोरची काच मधोमध दुभागलेली असेल तर गाडी १९५६ किंवा त्याआधीची. एकसंध काच आणि ९४८ सीसी म्हणजे मायनर १०००, आणि १९६२ पासून १०९८ सीसी. कन्व्हर्टिबलचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. तुमच्या गाडीत काच एका काळातली आणि इंजिन दुसऱ्या काळातले असेल, तर इंजिन कधीतरी बदलले आहे. आपल्याकडे सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात हे सर्रास झाले आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र तो बदल आरसीवर चढलेला आहे का, हे पाहावे लागते.

आता नंबर. मायनरची चॅसिस नंबरची पाटी बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर असते, इंजिन नंबर इंजिनच्या ब्लॉकवरच्या छोट्या पाटीवर. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. थोडे रॉकेल, मऊ फडके आणि धीर, एवढ्यावर अक्षरे वर येतात. मग पातळ कागद त्यावर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. हा पेन्सिल छाप आरटीओच्या फॉर्मवर लागतोच, तेव्हा चार-पाच प्रती आत्ताच काढा. छाप आणि आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. जुन्या हस्तलिखित आरसीत इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'एस' आणि पाच यांची अदलाबदल नेहमी सापडते.

यानंतरचा प्रश्न जास्त नाजूक आहे: गाडी कारखान्यातूनच उघडी आली, की बंद मायनरचा टप (पत्र्याचे छत) कापून उघडी केली? टप कापलेल्या मायनर जगभर आहेत आणि फोटोत फरक कळत नाही. मूळ कन्व्हर्टिबलला टप नसल्याची भरपाई म्हणून दाराखालच्या सिलला, डॅशबोर्डखाली आणि दाराच्या खांबांना जादा पत्रा दिलेला असतो. नंतरच्या गाड्यांच्या चॅसिस नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांतही प्रकार कळतो: 'एमएटी' असेल तर टूरर, म्हणजे कन्व्हर्टिबल.

सावधान: गाडी कापलेली असेल तर तसे स्वच्छ लिहून विका. अशी गाडीही चांगल्या घरी जाते. पण मूळ म्हणून विकलेली कापलेली गाडी परत दारात येते, सोबत वकिलाची नोटीस घेऊन.

इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिस, एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ अशा अनेक गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत. तुमच्या गाडीची नोंद तिथे असेल तर ठरावीक शुल्क भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळते. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली अशी माहिती असते. गाडीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि गिऱ्हाइकाचे अर्धे प्रश्न त्या एका कागदाने मिटतात. टपालाला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

पायरी २: मालकीचे कागद सरळ करा

सगळ्यात जास्त व्यवहार इथेच मोडतात. गाडी कोणाच्या ताब्यात आहे याला आरटीओ विचारत नाही, आरसीवर नाव कोणाचे हे विचारतो.

नाव दिवंगत माणसाचे असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. नियमाप्रमाणे मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवायची आणि अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. मुदत उलटून वर्षे गेली असली तरी अर्ज करता येतो, विलंबाचे पैसे भरावे लागतात. मृत्यूचा दाखला आणि बाकी सगळ्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे तयार ठेवा. परदेशातल्या भावाची किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही "नंतर घेऊ" म्हणून मागे ठेवू नका. गाडीला किंमत आली की सहीलाही येते.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुसरी प्रत मागा. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज देणारी बँक आज अस्तित्वात नसेल, तर ती ज्या बँकेत विलीन झाली तिच्याकडून पत्र घ्यावे लागते. गाडीची नोंद फक्त जुन्या रजिस्टरात असेल आणि 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसत नसेल, तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्या. त्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज सरकत नाही. पर्यावरण कर आणि फिटनेसची थकबाकी याच फेरीत विचारून घ्या.

व्हिंटेज नोंदणी आधी करायची की नाही, हे सगळे विचारतात. केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार न झालेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. 'बीएम'ने सुरू होणारा मुंबईचा जुना नंबर असेल तर ही मोठी गोष्ट आहे, कारण हौशी गिऱ्हाईक त्या नंबरावर जीव टाकतो. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

माझे मत असे: साधी नोंदणी जिवंत असेल तर तिला हात लावू नका, निर्णय गाडी विकत घेणाऱ्यावर सोडा. नोंदणी संपून वर्षे लोटली असतील तर मात्र व्हिंटेज नोंदणी स्वतः करून मगच विका.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढेच: तिथे व्ही फाइव्ह सी या लॉगबुकवरून डीव्हीएलए या तिथल्या वाहन नोंदणी खात्याला नवा धारक कळवायचा असतो आणि रोड टॅक्स नव्या माणसाकडे आपोआप जात नाही. ४० वर्षांपुढच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही विक्रीआधी ती करून घ्या, दाखला बोलतो.

तपासणी: आरसी, नंबरचे छाप, विमा, कराच्या पावत्या आणि वारसांच्या सह्या. यातला एकही कागद बाकी असेल तर पायरी ३ वर जाऊ नका.

पायरी ३: गाडी सुरू करा, पण घाईने नाही

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल्फ मारणे, किंवा दोरी बांधून ओढणे, या दोन प्रकारांनी जितकी जुनी इंजिने गेली तितकी वयाने गेली नसतील. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन पुढच्या हँडलने इंजिन हाताने फिरवा. अडखळत असेल तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. मोकळे फिरले तर जुने ऑइल आणि पाणी बदला. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा. रबरी नळ्या नव्या घाला, तेही इथेनॉलला टिकणाऱ्या. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा त्या काळच्या रबराने आणि बुचाच्या गॅस्केटने विचारच केलेला नव्हता. विकेपर्यंत गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

आता बॅटरी. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, आजच्या गाड्यांच्या नेमकी उलट. नव्या पिढीचा मिस्त्री सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावतो. मग डायनामो, अ‍ॅमीटर आणि नंतर बसवलेला एखादा रेडिओ यांचा गोंधळ होतो. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी जोडणीचा फोटो काढा. कोणी आधीच निगेटिव्ह अर्थ (निगेटिव्ह बाजू बॉडीला) करून ठेवली असेल तर बॅटरीवर ठळक चिठ्ठी बांधा.

चावी फिरवली की पेट्रोलचा एसयू पंप टक-टक-टक वाजतो आणि कार्बोरेटर भरला की थांबतो. वाजतच राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी कोरडी आहे. वाजलाच नाही तर त्याचे पॉइंट चिकटले असण्याची शक्यता मोठी. गाडी सुरू होते पण पाय दिला की अडखळते, असे असेल तर ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी एसयू कार्बोरेटरच्या वरची टोपी फिरवून काढा आणि आतले पातळ तेल पाहा. ते कोणी वर्षानुवर्षे भरलेले नसते.

ब्रेकचे तेल पाहायला बॉनेट उघडून उपयोग नाही. मायनरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलाचा मुख्य सिलिंडर, चालकाच्या पायाखाली, गालिच्याखालच्या झाकणाआड असतो. दिसत नाही म्हणून तो विसरला जातो. उभ्या गाडीत चाकांचे सिलिंडर हमखास जाम झालेले असतात, तेव्हा ब्रेकचे रबर नवे घालूनच गाडी फाटकाबाहेर काढा. या गाड्यांत ब्रेकची नळी एकच असते. ती गेली की चारही चाके गेली, उरतो फक्त हँडब्रेक.

सावधान: पुढच्या चाकांच्या आधाराचे ट्रनियन ग्रीसविना राहिले की आटे झिजतात आणि चालत्या मायनरचे चाक आत मुडपते. पुढची बाजू जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर गिऱ्हाइकाला चालवायला देऊ नका.

शेवटी पत्रा. टप नसलेल्या गाडीचा सगळा भार तळाच्या पत्र्यावर असतो. तो कुजला की गाडी मधोमध खचते. दाराची फट पाहा. वरच्या बाजूला चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर सिल गेले आहे. गाडी जमिनीवर असताना दार सहज लागते आणि जॅकवर घेतली की अडकते, हेही तेच लक्षण. मागच्या स्प्रिंगचे हँगर आणि जॅक लावायच्या जागा टोकदार स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबून बघा. गिऱ्हाइकासोबत येणारा मिस्त्री नेमके तिथेच वाकणार आहे.

पायरी ४: काय करायचे नाही

पूर्ण रंग मारू नका. फाटलेली मूळ सीट असेल तर ती रेक्झिनने मढवू नका. मूळ डायल, ट्रॅफिकेटरचे (वळताना बाहेर येणाऱ्या इशाऱ्यांचे) हात, लुकासचे दिवे, जुनी मूठ, यांतले काहीही "जुनाट दिसते" म्हणून भंगारात टाकू नका. काढलेले सगळे भाग खोक्यात घालून, नाव लिहून गाडीसोबत द्या.

करायचे ते इतकेच: आतून-बाहेरून नीट धुणे, काचा, क्रोम, टायरमधली हवा, सगळे दिवे. टायरला भेगा असतील तर ट्रायलपुरते तरी चांगले टायर चढवा. हूडचे, म्हणजे दुमडत्या छताचे, कापड आवळले असेल तर दुपारच्या उन्हात गाडी उभी करून, कापड मऊ झाल्यावर हळूहळू ओढा. सकाळच्या गारव्यात जोर लावला की शिवण उसवते. आणि ओला हूड घडी घालून ठेवू नका, बुरशीचा वास गिऱ्हाइकाला दार उघडताक्षणी येतो.

शक्य असेल तर विक्री दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात हूड गळतो, ट्रायल होत नाही, फोटो काळवंडतात. हिवाळ्यात रॅल्या असतात आणि गिऱ्हाईकही उत्साहात असते.

पायरी ५: फाइल आणि फोटो

एकाच फाइलमध्ये काळाच्या क्रमाने लावा: आरसी, जुन्या आरसीच्या प्रती, कराच्या पावत्या, गॅरेजची बिले, हेरिटेज सर्टिफिकेट, गाडीसोबतचे घरातले जुने फोटो. १९६०च्या दशकातला एक कृष्णधवल फोटो, ज्यात नंबर प्लेट वाचता येते, तो कित्येक बिलांना भारी पडतो.

नवे फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात काढा. हूड चढवलेला, हूड उतरवलेला, दोन्ही दारे बंद असताना फटी, सिल, डिकीचा तळ, स्टेपनीची जागा, गाडीखालचा भाग, इंजिन, नंबरच्या पाट्या. गंज असेल तिथला फोटो जवळून काढा आणि तोही टाका. दोष आधी दाखवलेला असला की घासाघीस एकदाच होते. थंड इंजिन सुरू होतानाचा सलग व्हिडिओही घ्या, चावी फिरवण्यापासून धूर दिसेपर्यंत.

सावधान: जाहिरातीत चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे झाका आणि आरसीचा फोटो टाकू नका. बनावट कागद तयार करणाऱ्यांना तेवढे पुरते.

पायरी ६: किंमत

इंग्लंडमधल्या लिलावाचा आकडा पाहून पौंडाचे रुपये करणे ही सगळ्यात मोठी चूक. जुनी गाडी परदेशातून आणायची तर शुल्क, जहाजभाडे आणि परवानग्या पडतात, म्हणून इथला बाजार स्वतंत्र चालतो. तो कधी तिथल्यापेक्षा वर असतो, कधी खाली. तसेच इंटरनेटवर दिसते ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे.

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्था आहेत. त्यांच्या रॅलीला जा, तुमच्या मॉडेलच्या दोन-तीन मालकांशी बोला. "केवढ्याला द्याल?" असे विचारण्यापेक्षा "शेवटची कुठली विकली गेली, केवढ्याला?" असे विचारा. मग तीन गोष्टींसाठी रक्कम वर-खाली करा: मूळपणा, पत्र्याची स्थिती, कागद. याच क्रमाने नव्हे, आपल्याकडे कागद पहिले. मनात तळाची किंमत ठरवा, घरातल्या वारसांना ती आधी सांगा, आणि गिऱ्हाइकासमोर घरात चर्चा करू नका.

पायरी ७: जाहिरात आणि पाहणी

जाहिरात लांब आणि सरळ लिहा. मॉडेल, वर्ष, सीसी, किती मालक, नोंदणी कधीपर्यंत, काय बदललेले, काय बिघडलेले. "शोरूम कंडिशन" हे शब्द टाळा, जाणकार तिथेच पान उलटतो. क्लबमधल्या लोकांना जाहिरातीआधी आठवडाभर सांगून ठेवा. चांगल्या गाड्या बहुधा तिथेच विकल्या जातात.

गाडी न पाहता फोनवरच "पसंत आहे, लगेच पैसे पाठवतो" म्हणणारा आणि मग क्यूआर कोड पाठवणारा गिऱ्हाईक नसतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही.

पाहणीच्या दिवशी इंजिन आधी तापवून ठेवू नका. जाणकार आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो, आणि ते गरम लागले की पुढचे सगळे संशयाने बघतो. ट्रायलला आधी तुम्ही चालवा, मग शेजारी बसून त्याला द्या. चालू विमा आणि त्याचा परवाना बघितल्याशिवाय चावी हातात देऊ नका. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडण्याची सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा, हे निघण्याआधी सांगा. ड्रमचे ब्रेक आजच्या गाडीसारखे धरत नाहीत, हेही.

पायरी ८: इसार, करार, पैसे

तोंडी शब्दावर गाडी अडवून ठेवू नका. इसार घ्या आणि पावतीवर एकूण किंमत, उरलेली रक्कम देण्याची तारीख आणि व्यवहार मोडला तर इसाराचे काय, हे लिहा. विक्री करार स्टॅम्प पेपरवर करा, महाराष्ट्रात आता तो ५०० रुपयांचा लागतो. करारात दोन्ही नंबर, गाडी "आहे त्या स्थितीत" विकली हे वाक्य, तुम्ही सांगितलेले दोष, सोबत दिलेल्या सुट्या भागांची यादी आणि ताबा देण्याची तारीख व वेळ लिहा. वेळ का? त्या दिवशी संध्याकाळी काही अपघात झाला तर गाडी कोणाकडे होती हे त्यावरून ठरते.

रोखीचा आग्रह मान्य करू नका. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड घेणाऱ्यालाच बसतो. रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्वतः बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

पायरी ९: ताबा आणि ट्रान्सफर

गाडी गेली, पैसे आले, की माणूस सैल पडतो. पण आरसीवर तुमचे नाव आहे तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. पुढे चार हात फिरलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाईसुद्धा नोंदणीवरच्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दलालाच्या हाती देऊ नका.

गाडी राज्यातच राहणार असेल तर फॉर्म २९ भरून विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्या. मालकी बदलाच्या फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या असतात. गाडी बाहेरच्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी आधी काढा, गाडी नंतर ट्रेलरवर चढवा. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीची विक्री दोघांनीही आपापल्या परिवहन प्राधिकरणाला ९० दिवसांत कळवायची असते. विमा कंपनीलाही लिहा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी घेणाऱ्याकडे १४ दिवस असतात आणि तुमचा नो क्लेम बोनस तुमच्याकडेच राहतो.

ताबा देताना घेणाऱ्याला गाडीजवळ उभे करून सगळे दाखवा: हँडल कुठे, पॉझिटिव्ह अर्थची चिठ्ठी, पायाखालचा मास्टर सिलिंडर, ट्रनियनला ग्रीस कुठून आणि किती वेळा. मायनर चालवणारे दर हजार मैलांना देतात. कराराची, त्याच्या ओळखपत्राची, फॉर्मची आणि पोचपावतीची प्रत जपून ठेवा. महिनाभराने परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नाव बदलले का पाहा. बदलले नसेल तर पहिला फोन घेणाऱ्याला करा, आणि त्याच आठवड्यात फॉर्म २९ ची पोच घेऊन आरटीओत जाऊन लेखी अर्ज द्या.